मेळघाटचे पर्यटन : पाहुणे वाढले, यजमान कुठे?

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईसाठी प्रवासी विमान उडाले आणि वऱ्हाडातील पर्यटनाच्या चर्चेला पुन्हा उधाण आले. चिखलदऱ्याचा काचेचा स्कायवॉक, मेळघाटची जंगल सफारी, नरनाळ्याचा किल्ला, शहानूर आणि सेमाडोहची संकुले यांची नावे एकाच दमात घेतली जाऊ लागली. महाराष्ट्राचे हे टोक आता दूर राहिलेले नाही, असा विश्वास व्यक्त होऊ लागला. त्यात तथ्य आहे. परंतु मेळघाटात पर्यटक किती आले, एवढ्यावरच या पर्यटनाचे मोजमाप करावयाचे काय, हा प्रश्न मात्र मागे पडला आहे. पर्यटक येतात ते कोणाच्या घरी, आणि त्या घरच्या माणसाच्या हाती काय पडते, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

गेल्या काही वर्षांत अमरावती आणि अकोल्यातील सुस्थितीतील कुटुंबे परदेशी सफारीकडे वळली आहेत. केनिया, टांझानिया, युगांडा ही नावे आता डॉक्टर, व्यापारी आणि निवृत्त प्राध्यापकांच्या गप्पांत सहज येतात. तिकडून परतलेल्या पर्यटकाला मेळघाट फिका वाटतो. तिकडे एका सकाळी हत्ती, जिराफ, सिंह आणि रानम्हशींचे कळप दिसतात. इकडे तीन दिवस फिरूनही गव्यावर आणि सांबरावर समाधान मानावे लागते, अशी तक्रार हमखास ऐकू येते. ही तुलना स्वाभाविक असली, तरी ती चुकीच्या गोष्टींची आहे. जी तुलना खरोखर करावयास हवी, ती मात्र कोणी करीत नाही.

तुलना कशाची?

धबधबा आणि वन्यप्राणी ही दोन्ही आकर्षणे एकत्र असलेले आफ्रिकेतील ठळक उदाहरण म्हणजे युगांडातील मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यान. सुमारे ३,८०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात नाईल नदी अवघ्या सात-आठ मीटरच्या खडकाळ फटीतून घुसते आणि सुमारे ४३ मीटर खाली कोसळते. धबधब्याच्या खालच्या अंगाला नदी संथ होते. तेथे पाणघोडे आणि मगरी असतात. नावेतून त्यांचे दर्शन घेत पर्यटक धबधब्याच्या जवळपर्यंत जातो. नदीच्या उत्तरेकडे गवताळ माळरान आहे. तेथे लांबपर्यंत नजर पोहोचते आणि प्राणी उघड्यावर दिसतात. व्हिक्टोरिया सरोवरातून निघालेल्या नाईलला बारमाही पाणी असल्याने धबधबा आणि प्राणी एकाच दिवशी, एकाच फेरीत पाहता येतात.

मेळघाटची घडण यापेक्षा सर्वस्वी निराळी आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत वसलेले हे सागाचे पानझडी जंगल आहे. एकामागून एक डोंगरधारा आणि त्यांच्या मधल्या खोल दऱ्या यांमुळे येथे नजर शंभर पावलांपलीकडे जात नाही. सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार या नद्या याच डोंगरांतून वाहत तापीला मिळतात. त्यांचे पाणी पावसाचे आहे. जून उलटला की कडे फुटतात आणि फेब्रुवारीनंतर बहुतेक ओढे आटतात. येथे वाघ आहे, बिबट्या आहे, अस्वल, रानकुत्रा आणि गवा आहे. तब्बल ११३ वर्षे नोंद नसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. पण हे सारे प्राणी आणि पक्षी माणसाला दिसण्यासाठी उघड्यावर येत नाहीत. ताडोब्याच्या सपाट जंगलात, तळ्याकाठी वाघ दिसतो तसा तो येथे दिसणार नाही. हा मेळघाटचा दोष नव्हे. या डोंगराची रचनाच तशी आहे.

म्हणून प्राणी किती दिसले यावर मेळघाटाला आफ्रिकेच्या किंवा ताडोब्याच्या पंक्तीला बसविणे व्यर्थ आहे. त्या हट्टापायी पाणवठे गाड्यांनी वेढले जातील आणि वाटाड्यांवर 'वाघ दाखवा' असा दबाव येईल. हाती काही लागणार नाही.

दोन ऋतू, दोन पर्यटने

मेळघाटच्या पर्यटनातील मूळ अडचण ऋतूंची आहे. धबधबे पाहावयाचे तर पावसाळ्यात जावे लागते. प्राणी पाहावयाचे तर उन्हाळ्यात. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील सफारी साधारणतः जुलैपासून सप्टेंबरपर्यंत बंद असते. नेमक्या त्याच काळात भीमकुंड, पंचबोल, गाविलगडचा परिसर धुक्याने आणि पाण्याने भरून जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यात अकोल्याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. विदर्भातील हे एकमेव थंड हवेचे ठिकाण असल्याने शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, परतवाडा, वर्धा, नागपूर येथून वाहनांची रीघ लागते. अरुंद घाटात तासन् तास वाहने अडकतात.

हे पर्यटन बहुतांशी एका दिवसाचे आहे. सकाळी निघावे, पॉइंट पाहावेत, भाजलेले कणीस खावे आणि संध्याकाळी घाट उतरावा, असा त्याचा क्रम. मुक्काम झालाच तर तो हॉटेलात होतो. हॉटेल, वाहने, दुकाने यांतील भांडवल बहुधा खालच्या शहरांतून आलेले असते. डोंगरावरच्या माणसाच्या वाट्याला कणसाची शेगडी, हॉटेलातील झाडलोट आणि हंगामी मजुरी येते.

कोरकूंचे वर्ष मात्र या हंगामाच्या अगदी उलट चालते. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांतील कोरकू कुटुंबाच्या घरात पावसाळ्यात धान्य संपत आलेले असते, नवे पीक हाती आलेले नसते आणि रोजगार हमीची कामेही मंदावतात. जुलै ते सप्टेंबर हा मेळघाटातील बालकांच्या आजारपणाचा आणि कुपोषणाचा सर्वांत कठीण काळ, हे तेथील आरोग्य कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. १९९३ मध्ये येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले, प्रकरणे उच्च न्यायालयात गेली, योजनांची संख्या वाढली. बैरागडमध्ये रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु पावसाळा आला की हाच विषय आजही वर्तमानपत्रांत परततो.

पिके निघाली की गावेच्या गावे कामासाठी खाली उतरतात. अमरावती-अकोल्याच्या शेतांत, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर हिवाळा काढून माणसे होळीला घरी परततात. म्हणजे ज्या महिन्यांत चिखलदऱ्याच्या हॉटेलांत खोली मिळत नाही, त्याच महिन्यांत डोंगरातील घरात चूल पेटण्याची भ्रांत असते. आणि ज्या महिन्यांत सफारीची दारे उघडी असतात, त्यांपैकी बऱ्याच काळात गावातील तरुण गावात नसतो. पर्यटनामुळे स्थानिकांना रोजगार मिळतो, हे विधान मेळघाटापुरते तपासून पाहावे लागते ते याचसाठी.

जंगलासाठी गाव सोडणारे

२२ फेब्रुवारी १९७४ रोजी मेळघाट व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत त्याचा समावेश होता आणि महाराष्ट्रातील तो पहिला. पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये जोडली गेली. आज गाभा आणि बफर मिळून प्रकल्पाचा विस्तार पावणेतीन हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. त्यात वाघासाठी निर्मनुष्य जागा हवी म्हणून गावे हलविण्यात आली. बोरी, कोहा आणि कुंड ही पहिली गावे २००० नंतरच्या काळात अकोट परिसरात आणली गेली. नंतर वैराट, चुर्णी, अमोना, बारुखेडा, नागरतास, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड, केलपाणी अशी यादी लांबत गेली.

कायद्याने हे पुनर्वसन ऐच्छिक असावयास हवे. २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आणि त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची संमती आवश्यक ठरविली. केंद्राने २००८ मध्ये प्रत्येक कुटुंबामागे १० लाख रुपयांचे पॅकेज ठरविले. २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. अनेक कुटुंबे स्वेच्छेने उतरली, हे नाकारता येत नाही. रस्ता, शाळा, दवाखाना आणि वीज यांची ओढ कोणाला नसते? रिकाम्या झालेल्या गावठाणांवर आणि शेतांवर गवत वाढले, तृणभक्षी प्राणी तेथे येऊ लागले आणि त्यांच्यामागे वाघ आला, हा वन विभागाचा दावाही खरा आहे.

पण सपाटीवर आल्यावर काय झाले? डोंगरात सरपण, मोह, चारोळी, तेंदू, मासळी, कंद हे सारे जंगल देत होते. ते नव्या गावात विकत घ्यावे लागले. हाती आलेली रोकड घर, मोटारसायकल, लग्न आणि आजारपणात संपली. शेतजमिनीची आश्वासने आणि नागरी सुविधा यांबाबत तक्रारी साचत गेल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये पुनर्वसित गावांतील काही कुटुंबे जंगलातील जुन्या गावठाणांवर परत गेली. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा तसेच घडले. तेव्हा ग्रामस्थ आणि वन कर्मचारी-पोलीस यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. तो केवळ कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून मिटविण्यात आला. एकदा दिलेल्या मोबदल्यावर हिशेब संपतो की जंगलाच्या पुढील उत्पन्नात माणसाचा काही वाटा उरतो, हा त्यामागचा प्रश्न तसाच राहिला.

वाटा कायद्याने की कृपेने?

आफ्रिकेशी तुलना करावयाची ती येथे. मर्चिसन फॉल्सचा परिसरही आपोआप निर्मनुष्य झालेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी निद्रारोगाच्या साथीचे कारण देऊन ब्रिटिश सत्तेने तेथील वस्ती हलविली आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे इदी अमीनच्या राजवटीत आणि यादवीत तेथील प्राण्यांची बेसुमार कत्तल झाली. उद्यान सावरताना युगांडाने एक धडा घेतला : सीमेवरच्या माणसाला काही मिळत नसेल, तर तो उद्यान राखणार नाही. १९९६ च्या कायद्याने प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम उद्यानालगतच्या स्थानिक समाजासाठी राखून ठेवण्यात आली. केनियात मसाई मारा अभयारण्याच्या भोवती २००५ नंतर निराळी पद्धत रुजली. तेथे मसाई जमीनमालक आपली जमीन एकत्र करून पर्यटन संस्थांना भाड्याने देतात आणि पर्यटक आले काय अन् न आले काय, ठरलेले भाडे त्यांना मिळते.

या पद्धती निर्दोष आहेत असे नाही. युगांडात ही रक्कम स्थानिक प्रशासनाच्या हातातून जाताना वेळ लागतो आणि ती झिरपतेही, अशी टीका होते. मर्चिसन फॉल्स उद्यानाच्या हद्दीत २०२३ मध्ये तेलविहिरी खोदण्यास प्रारंभ झाला, हेही विसरून चालणार नाही. परंतु त्यांच्याकडे आकडा कायद्यात लिहिलेला आहे. गावाला तो मागता येतो.

महाराष्ट्रात तशी निश्चिती नाही. व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानामुळे सफारीचे शुल्क प्रकल्पातच राहते, ही चांगली व्यवस्था आहे. २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना गॅसजोडणी, कुंपण, शौचालये यांसाठी निधी मिळतो. वाटाडे, जिप्सीचालक, संकुलातील स्वयंपाकी अशा कामांत स्थानिक तरुण दिसतात. पण योजना म्हणजे हक्क नव्हे. निधी आला तर काम होते, नाही आला तर कोणाला विचारता येत नाही. जे गाव डोंगर उतरून अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आले, ते तर बघता बघता 'जंगलाबाहेरचे' गाव होऊन जाते. ज्यांच्या शेतांवर आज गवत वाढले आणि ज्या गवतावर गवे पाहायला जिप्सी जाते, त्यांनाच त्या जिप्सीच्या शुल्कातून काही मिळण्याची शाश्वती नाही.

स्थानिकांच्या हाती कारभार दिला तर जंगल उजाड होते, हा समज मेळघाटाच्या पायथ्याशीच खोटा ठरला आहे. पायविहीर या छोट्या गावाने सामूहिक वनहक्क मिळविल्यावर उघड्या टेकड्यांवर झाडे लावली, चराई आणि तोड आवरली आणि सीताफळ, तेंदूपाने यांतून गावातच रोजगार उभा केला. या कामाला राष्ट्रीय स्तरावर जैवविविधता पुरस्कार मिळाला. आता हाच अधिकार पर्यटनाच्या कारभारातही ग्रामसभेला का नसावा?

धबधब्याचे पाणी पुढे कुठे जाते?

या प्रश्नाशी आपला संबंध काय, असे अकोल्याच्या वाचकाला वाटू शकेल. पर्यटक म्हणून वर्षातून एकदा चिखलदऱ्याला जाणे याहून त्याचा मेळघाटाशी असलेला संबंध फार जवळचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील शेकडो गावांचा हा भोग आहे. या पट्ट्याला गोडे पाणी मिळते ते गाविलगडच्या दक्षिण उतारावरून. वान नदीवरील हनुमान सागर धरणातून अकोट, तेल्हारा आणि परिसरातील ८४ खेड्यांची योजना चालते. शहानूर धरण अंजनगाव-दर्यापूरकडील गावांची तहान भागविते. वानचे पाणी बाळापूर तालुक्यातील ६९ गावांना देण्याच्या योजनेवरून तेल्हारा भागातील शेतकऱ्यांनी आंदोलन केले, त्यावरूनच या पाण्याचे मोल लक्षात यावे.

हे पाणी धरणात येते ते डोंगरावर जंगल टिकले म्हणून. झाडांची मुळे आणि पालापाचोळा पावसाला थोपवितो, माती धरून ठेवतो आणि ओढे पावसानंतरही काही महिने वाहते ठेवतो. जंगल विरळ झाले तर धबधबे चार दिवस अधिक जोराने कोसळतील आणि धरण गाळाने भरेल. मेळघाटचे खरे उत्पन्न सफारीच्या तिकिटात नाही, ते नळाच्या पाण्यात आहे. त्या उत्पन्नासाठी गाव सोडणाऱ्यांचे ऋण शहरांवरही आहे.

वऱ्हाडाने याबाबत शहाणपण दाखविल्याचे उदाहरण अलीकडचेच आहे. अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग व्याघ्र प्रकल्पातून, वान रोड आणि धूळघाट या स्थानकांवरून जात होता. तो तसाच ब्रॉडगेज केला असता, तर वेगवान गाड्यांनी गाभा क्षेत्र चिरले गेले असते. हिवरखेड, सोनाळा, जामोदमार्गे पर्यायी मार्ग न्यावा, ही मागणी वन्यजीव अभ्यासकांनी लावून धरली. राज्य सरकारने २०२१ मध्ये तीच भूमिका घेतली. दरम्यान अकोला-अकोट टप्पा पूर्ण होऊन २०२२ च्या अखेरीस गाडी धावू लागली. पर्यायी मार्गाने अधिक गावांना रेल्वे मिळते आणि जंगलही वाचते. विकास आणि संरक्षण यांत प्रत्येक वेळी एकाचा बळी द्यावा लागत नाही, हे त्यातून दिसले.

करण्याजोगे

पर्यटनाबाबत तसाच विचार झाला पाहिजे. गोराघाट ते हरिकेन पॉइंट हा ४०७ मीटर लांबीचा स्कायवॉक सिडकोने हाती घेतला आणि वन्यजीवविषयक परवानग्यांत तो वर्षानुवर्षे अडकला. तो पूर्ण झाल्यावर गर्दी वाढेल, हे उघड आहे. ही गर्दी येण्यापूर्वीच काही नियम ठरविता येतील.

सफारीच्या शुल्कातील ठराविक टक्का ग्रामसभांना नियमाने मिळावा. पुनर्वसित गावांचाही त्यात समावेश असावा आणि आलेल्या-गेलेल्या पैशाचा फलक प्रत्येक गावात लागावा. चिखलदऱ्यात पावसाळ्यात येणाऱ्या प्रत्येक वाहनामागे लहानसा अधिभार घेऊन तो त्याच तीन महिन्यांतील बालकांच्या आहारासाठी आणि आरोग्यासाठी बांधून टाकावा. सुट्टीच्या दिवशी खासगी गाड्या परतवाड्यात थांबवून पुढे बसने नेल्यास घाट मोकळा राहील. कोरकू कुटुंबांकडे मुक्काम, नाचणी-कुटकीचे जेवण, पायवाटेवरची भ्रमंती यांना प्रोत्साहन दिले तर एका दिवसाचा पर्यटक दोन दिवस थांबेल आणि त्याचा पैसा डोंगरावरच राहील. यांतील कोणत्याही गोष्टीसाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. लागते ती गावाला भागीदार मानण्याची तयारी.

देशातील वाघांच्या २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज आला. मेळघाटात वाघ टिकला आणि वाढला, याचे श्रेय वनरक्षकांना आहे, तसे घरदार सोडून उतरलेल्या कुटुंबांनाही आहे. गणना वाघांची होते. तशी या कुटुंबांचीही दर चार वर्षांनी व्हावी. त्यांची जमीन, उत्पन्न, मुलांचे वजन आणि शाळा यांची नोंद जाहीर व्हावी. त्या नोंदीतील आकडे सुधारत गेले, तरच मेळघाटचे पर्यटन यशस्वी झाले असे म्हणता येईल. तोपर्यंत विमानाच्या फेऱ्या आणि हॉटेलांच्या खोल्या वाढल्या, तरी त्या वाढीत मेळघाट कुठेच असणार नाही.